खाऱ्या पाण्याचा वकील

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. दहावी, मार्च १९८३ ची तुकडी)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. वकिलाला वीस मिनिटं देणं म्हणजे बैलाला कडब्याच्या गंजीजवळ सोडून ‘एकच पेंढी खा’ म्हणण्यासारखं आहे. तरी प्रयत्न करतो. सर समोर बसले आहेत, त्यांनी घड्याळ दाखवलं की थांबेन. शाळेत थांबत नव्हतो, तेवढी सुधारणा वयाने झाली आहे.

काल संध्याकाळी गाडीतून उतरलो तर आपल्या शेवटच्या बाकावरच्या मित्राने मला मिठी मारली आणि पहिलाच प्रश्न केला, “काऊन रे बाप्पा, आपल्या इकडं मार्चमधी विहिरीत पाणी राह्यत नाही, अन् तू समुद्राचा वकील कसा काय झाला?” हा प्रश्न मला मुंबईत विचारला गेला, मालवणात विचारला गेला, परदेशातही विचारला गेला. सगळीकडे हसून वेळ मारून नेली. पण इथे ते चालणार नाही, कारण इथे बसलेल्या प्रत्येकाला माझं घर, माझं गाव आणि माझे दहावीचे गणिताचे मार्क माहीत आहेत. म्हणून आज खरं उत्तर देतो.

माझं गाव पूर्णाकाठचं, जळगाव जामोद तालुक्यातलं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं. तुमच्यापैकी निम्मे लोक त्याच पट्ट्यातले आहेत, तुम्हाला काय सांगायचं! आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे. चहा फाटायचा. साबणाला फेस यायचा नाही. आजी डाळीपुरतं पाणी दोन कोसांवरच्या गोड्या विहिरीवरून आणायची आणि त्या घागरीला आम्हा पोट्ट्यांना हात लावू देत नसे. पाहुणे आले की त्यांना त्या घागरीतलं पाणी, आम्हाला आपलं नेहमीचं. पाणी खारं असतं हे मला कोणी शिकवलं नाही. पाणी गोडही असू शकतं, हे मला बाहेर पडल्यावर कळलं.

मग आपले भूगोलाचे सर. ते आज नाहीत. आठवतं का, एकदा पाऊस चालू असताना त्यांनी नकाशा गुंडाळून ठेवला आणि आपल्याला व्हरांड्यात उभं केलं? आपल्या जुन्या कवेलूच्या इमारतीचं आढं दाखवलं आणि म्हणाले, “बघा, या बाजूला पडलेला थेंब अंगणात येतो, त्या बाजूचा मैदानात जातो. दोघांत अंतर बोटभर. आपला जिल्हा असाच आढ्यावर बसला आहे.” अजिंठ्याच्या रांगेवरून उत्तरेला उतरलेलं पाणी नळगंगेसारख्या नद्यांतून पूर्णेत, पूर्णेतून चांगदेवजवळ तापीत आणि सुरतेपलीकडे अरबी समुद्रात. दक्षिणेचं पाणी पैनगंगेतून वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात. “आणि लोणारच्या खड्ड्यात पडलेलं?” असं आपल्यातल्या कोणीतरी विचारलं. सर म्हणाले, “ते कुठेच जात नाही. ते तिथेच खारं होत बसतं.” पुढे एस.टी.ने आपली लोणारला सहल गेली, तेव्हा मी त्या पाण्यात बोट बुडवून चाखलं होतं आणि आमच्या विहिरीची आठवण झाली होती.

आता एक गंमत सांगतो. आपण दहावीत होतो, डिसेंबर १९८२. तुम्ही सगळे पूर्वपरीक्षेच्या धास्तीत होता. त्याच महिन्यात, १० तारखेला, जमैका नावाच्या बेटावर मॉन्टेगो बे या गावी शंभराहून अधिक देशांनी एकाच दिवशी समुद्राच्या कायद्याच्या करारावर सह्या केल्या. भारताचीही सही त्यात होती. आपल्या शाळेत कोणाला याचा पत्ता नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं. पण माझ्या पुढच्या आयुष्याची भाकरी त्या दिवशी थापली जात होती.

नागपूरला वकिली शिकलो. १९९१ ला सनद मिळाली आणि ओळखीच्या एका गृहस्थांच्या चिठ्ठीवर मुंबईला गेलो. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा, चोविसाव्या वर्षी. काय वाटलं म्हणाल, तर भीती वाटली. पलीकडचा काठ नाही हे डोळ्यांना पटत नव्हतं. आपल्याकडे पूर आलेली पूर्णासुद्धा शेवटी पलीकडच्या बाभळी दाखवते.

ज्या कार्यालयात लागलो तिथे जहाजांचे खटले चालत. तुम्हाला हसू येईल, पण कायद्याच्या दृष्टीने जहाज हे आपल्या चुकार जनावरासारखं असतं. दुसऱ्याच्या पिकात बैल शिरला तर आपण काय करतो? मालक कोण, कुठे राहतो हे नंतर बघू, आधी बैल कोंडवाड्यात घाला. मालक आपोआप येतो दंड भरायला. जहाजाचंही तेच. मालक एका देशात, नोंदणी दुसऱ्या देशात, कप्तान तिसऱ्या देशातला. कोणाला शोधत बसणार? म्हणून न्यायालय जहाजालाच अटक करतं. वॉरंट अक्षरशः जहाजावर चिकटवलं जातं. मी वकिली सुरू केली तेव्हा हे सगळं इंग्रजांच्या काळातल्या, एकोणिसाव्या शतकातल्या कायद्यांवर चालत होतं. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ या जहाजाच्या खटल्यात आपल्या उच्च न्यायालयांचा परदेशी जहाजांवरचा अधिकार ठामपणे मान्य केला, आणि आपला स्वतःचा सर्वंकष कायदा तर थेट २०१७ साली झाला. म्हणजे मी ऐन भरतीच्या वेळी या धंद्यात शिरलो. काम भरपूर, पैसा चांगला. गावी यायचो तेव्हा वडील लोकांना सांगायचे, “आमचा पोट्टा जहाजं धरते.”

आता जे सांगणार आहे ते मी फारसं कुठे बोललेलो नाही.

१९९५ च्या सुमाराची गोष्ट. एका जहाजातून किनाऱ्याजवळ तेल सांडलं. जहाजाचं, मालकाचं नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही. आम्ही मालकाच्या बाजूने होतो. कोळीवाड्यांमधून भरपाईचे अर्ज आले होते. कोणाची जाळी तेलाने बरबटून वाया गेली, कोणाचा ऐन हंगाम बुडाला, कोणाची सुकत घातलेली मासळी फेकावी लागली. माझ्यावर काम सोपवलं होतं, हे अर्ज तपासून त्यांतली कच्ची बाजू काढायची. मी ती काढली. अगदी सोपी होती. मी प्रत्येक अर्जापुढे एकच प्रश्न लिहिला : जाळ्याची पावती कुठे आहे?

पावती नव्हती. कोणाकडेच नव्हती. जाळी घरी विणलेली, घरी सांधलेली, बापाकडून मुलाकडे आलेली. मासळी टोपलीतून बाजारात गेलेली. तिची पावती कोण देणार? पुराव्याअभावी दावे कापले गेले. जे मिळालं ते मागितलेल्याच्या कितीतरी कमी होतं. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

बाहेर व्हरांड्यात एक वयस्कर कोळीण बसली होती. ती रागावली नाही, तिने शिव्याही दिल्या नाहीत. तिने मला फक्त विचारलं, “पोरा, तू कुठचा?” मी म्हटलं, बुलढाण्याकडचा. ती म्हणाली, “तिकडं शेती करतात ना? तुझा बाप बी-बियाण्याची पावती ठेवतो?”

मित्रहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मला एकदम आमच्या गावची गारपीट आठवली. मी आठवीत असताना गारांनी गहू झोपवला होता. पंचनाम्याला तलाठी आले. वडील बांधावर उभे राहून सांगत होते, इथे एवढं पीक होतं. आणि पलीकडून एकच प्रश्न येत होता, “कागद काय आहे?” वडिलांचा तो चेहरा मी पाहिला होता. पंधरा वर्षांनी मी टेबलाच्या पलीकडे बसून तोच प्रश्न विचारत होतो, आणि त्यासाठी मला पगार मिळत होता.

दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला, असं सांगितलं तर तुम्ही टाळ्या वाजवाल. पण ते खोटं होईल. घर घेतलं होतं, हप्ते होते, मुलगी लहान होती. मी आणखी दोन वर्षं तेच काम केलं, आणि चांगलं केलं. फरक एवढाच पडला की प्रत्येक वेळी तो प्रश्न लिहिताना हात थोडा अडायला लागला. शेवटी १९९७ साली बाहेर पडलो. बायको म्हणाली, “आता तरी रात्री झोपाल.” तिचे उपकार मी जाहीरपणे आज मानतो. ती मागे बसली आहे.

त्यानंतर एक वर्ष शिष्यवृत्तीवर माल्टाला गेलो. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेने १९८८ साली सुरू केलेली सागरी कायद्याची संस्था आहे. माल्टा किती मोठा देश, तर आपल्या एका बुलढाणा जिल्ह्यात तसे तीस माल्टा बसतील. पण १ नोव्हेंबर १९६७ रोजी याच एवढ्याशा देशाचे प्रतिनिधी अर्विद पार्डो संयुक्त राष्ट्रांत उभे राहिले आणि कित्येक तास बोलले. त्यांचं म्हणणं असं की देशांच्या हद्दीपलीकडे समुद्राच्या तळाशी जी संपत्ती आहे ती, ज्याच्याकडे यंत्रं आहेत त्याची नाही, ती सगळ्या मानवजातीची आहे. मॉन्टेगो बेचा करार त्या भाषणातूनच पुढे आकाराला आला. म्हणून मला वीस मिनिटं दिलीत ते एका परीने बरंच केलंत!

तो करार समजून घ्यायला तुम्हाला इंग्रजी पुस्तक नको. आपला सातबारा पुरे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, हे गावठाण समजा. इथे देशाची पूर्ण सत्ता. आपल्याकडे या पट्ट्यातली मासेमारी राज्य सरकारच्या कायद्याने चालते. महाराष्ट्राचा तो कायदा १९८१ चा. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, आपलं शिवार. तिथले मासे, तिथलं खनिज आपलं, पण वाट सगळ्यांना मोकळी, आणि कारभार केंद्र सरकारचा. आणि त्याच्यापुढे काय? त्याच्यापुढे ई-क्लास.

हसलात! पण जगातल्या समुद्राचा निम्म्याहून अधिक भाग हा असा ई-क्लास आहे. आणि आपल्या ई-क्लासचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. सगळ्यांची जमीन म्हणजे कोणाचीच नाही. चरायला सगळे, राखायला कोणी नाही. ज्याचा ट्रॅक्टर मोठा, त्याचं अतिक्रमण मोठं.

या ई-क्लाससाठी कायदा करायला जगाला जवळपास वीस वर्षं लागली. न्यू यॉर्कच्या वाटाघाटींत दोन वेळा मी मागच्या रांगेत बसलो होतो. बोलायचा अधिकार नव्हता, टिपणं काढायची आणि पुढच्यांना चिठ्ठ्या द्यायच्या. एका स्वल्पविरामासाठी दोन दोन दिवस भांडण चालायचं. पण ५ मार्च २०२३ च्या सकाळी मी घरी चहा घेत असताना मोबाईलवर बातमी आली की सलग दीड दिवस चाललेल्या बैठकीनंतर अध्यक्ष, सिंगापूरच्या रेना ली, यांनी मसुद्यावर एकमत झाल्याचं जाहीर केलं. कपातला चहा तसाच राहिला. त्या जूनमध्ये करार मंजूर झाला. भारताने २५ सप्टेंबर २०२४ ला सही केली. लागणारे साठ देश सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्ण झाले आणि १७ जानेवारी २०२६ पासून तो अंमलात आला. खुल्या समुद्रात संरक्षित क्षेत्र ठरवायची वाट पहिल्यांदाच तयार झाली.

सही आणि अंमल यात फरक काय, असं मला परवा पुतण्याने विचारलं. मी म्हटलं, सही म्हणजे साखरपुडा, अनुसमर्थन म्हणजे लग्न. मॉन्टेगो बेच्या करारावर आपला साखरपुडा डिसेंबर १९८२ ला झाला आणि लग्न लागलं २९ जून १९९५ ला. एवढा वेळ तर आपल्या मागच्या बाकावरच्या मित्रानेसुद्धा घेतला नव्हता.

माल्टाहून परत आलो आणि कोकणात काम सुरू केलं. वाटलं होतं, आता मी मोठी पदवी घेऊन आलो, समुद्र वाचवीन. कोकणाने मला जमिनीवर आणलं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य १९८७ सालीच जाहीर झालेलं होतं. कागद उत्तम होता. पण तिथल्या मच्छीमारांना वाटत होतं की आपल्या दारातला समुद्र आपल्याच हातून जाणार, आणि त्यांचा विरोध होता. मी पहिल्या बैठकीत त्यांना कलमं समजावून सांगितली. एक वृद्ध तांडेल शांतपणे म्हणाले, “साहेब, तुमचं संपलं असेल तर आता आमच्याकडे मासा कधी अंडी घालतो ते सांगू का?” मी वही काढली. तेव्हापासून आजपर्यंत आधी वही काढतो, कलम नंतर.

त्या वहीतून मला माझ्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. जाळ्याची पावती नसते हे खरं. पण बर्फ कारखान्याच्या वहीत नोंद असते की अमुक होडीने अमुक दिवशी इतका बर्फ नेला. मच्छीमार सोसायटीत डिझेलची नोंद असते. लिलावाची चिठ्ठी असते. या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की हंगामात रोज किती मासळी येत होती आणि तेल सांडल्यावर किती आली, हे न्यायालयाला दिसतं. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर ‘एम. एस. सी. चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं एकमेकांवर आदळली, तेल पसरलं, कंटेनर तरंगत किनाऱ्याला लागले, मासेमारी थांबली. तेव्हा आम्ही काही वकील कोळीवाड्यांत बसून लोकांना हेच सांगत होतो : पावती नाही म्हणून रडू नका, बर्फाची वही आणा. १९९५ मध्ये हे मला सुचलं नव्हतं असं नाही. तेव्हा ते शोधणं माझं काम नव्हतं, एवढंच.

सगळं जिंकलो असंही नाही. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांविरुद्ध छोट्या मच्छीमारांची बाजू वर्षानुवर्षं मांडली. शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घातले, २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढला. तरी रात्री समुद्रावर प्रकाशाचे झोत दिसायचे ते दिसायचेच. आंग्रिया बँकचं बघा. विजयदुर्गपासून साधारण शंभर किलोमीटर आत समुद्राखाली प्रवाळांचं एक पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. इतकं सुंदर की पाहणारा गप्प होतो. पण ते राज्याच्या २२ किलोमीटरच्या बाहेर. म्हणजे राज्याचं अभयारण्य तिथे होऊ शकत नाही, केंद्राने १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली पाऊल उचलायला हवं. त्याच्यासाठी मी किती निवेदनं लिहिली, मोजलेली नाहीत. गावठाण आणि शिवाराच्या मधला बांध कोणी राखायचा, हे भांडण तुम्हाला नवीन नाही.

पण एक गोष्ट समाधानाची सांगतो. तिच्यात माझा वाटा नाही, म्हणून मोकळेपणाने कौतुक करता येतं. पूर्वी जाळ्यात कासव किंवा देवमुशी माशासारखा संरक्षित जीव अडकला, तर मच्छीमारापुढे पेच असायचा. जाळं कापावं तर हजारो रुपयांचं नुकसान, न कापावं तर गुन्हा. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात अशी योजना आहे की जाळं कापून त्या जीवाला सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. आणि पुरावा काय? पावती नाही. मोबाईलवर काढलेला फोटो किंवा व्हिडिओ. मी पहिल्यांदा असा एक व्हिडिओ पाहिला, एक तरुण मुलगा स्वतःचं जाळं सुरीने कापतो आहे, कासव पाण्यात निसटतं आहे, आणि मागून कोणीतरी ओरडतं, “गेला, गेला!” तेव्हा मला व्हरांड्यातली ती कोळीण आठवली. कायदा माणसावर विश्वास ठेवू लागला की माणूसही कायद्यावर ठेवतो.

हे झालं समुद्राचं. आता घरचं बोलतो, आणि ते बोलण्यासाठीच खरं तर मी आलो आहे.

आपल्याला वाटतं, समुद्राचा आणि आपला काय संबंध. पण समुद्राच्या कराराचं कलम २०७ सांगतं की जमिनीवरून, नद्यांमधून समुद्रात जाणारी घाण रोखणं हेही देशाचं काम आहे. आपल्या फवारणीच्या बाटल्या, आपल्या नाल्यातल्या पन्नी, पहिल्या पुरात पूर्णेत जातात आणि तिथून कुठे, ते सरांनी आपल्याला व्हरांड्यात दाखवलं होतं. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा नागपूर खंडपीठाने दखल घेतली, शास्त्रज्ञांनी नमुने तपासले, खारट पाण्यातले सूक्ष्मजीव कारण म्हणून सापडले. त्याच वर्षी लोणार रामसर करारात आलं, महाराष्ट्रातलं दुसरं. म्हणजे आंतरराष्ट्रीय कायदा आता न्यू यॉर्कमध्येच नाही, आपल्या जिल्ह्यात येऊन बसला आहे.

काल रात्री संयोजकांनी आपल्या तुकडीची यादी दाखवली. सात नावांपुढे ‘कै.’ आहे. त्यातल्या तिघांना किडनीने नेलं. तिघंही खारपाणपट्ट्यातल्या गावांचे. एक तर माझ्याच बाकावर बसायचा, त्याच्या डब्यातली ज्वारीची भाकर मी खाल्ली आहे. शेवटची दोन वर्षं तो डायलिसिससाठी अकोल्याच्या फेऱ्या करत होता. मला त्याचा फोन आला होता. मी परदेशात एका परिषदेत होतो. म्हटलं, आल्यावर करतो. आल्यावर केला तो त्याच्या मुलाने उचलला.

पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक आहे. समुद्राच्या पाण्यात ते ३५,००० च्या आसपास असतं. मला समुद्राचा आकडा झोपेतही सांगता येतो. पण परवापर्यंत माझ्या स्वतःच्या गावच्या विहिरीचा आकडा मला ठाऊक नव्हता. तीस वर्षं मी दूरच्या खाऱ्या पाण्याची वकिली केली. ज्या खाऱ्या पाण्यावर वाढलो, त्याचं वकीलपत्र मी कधी घेतलंच नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. तक्रार म्हणून सांगतो, आणि तक्रार माझ्यावरच आहे.

म्हणून माझी आजची मागणी छोटी आहे. शाळेला आपण जो निधी देणार आहोत, त्यातून कमानीऐवजी पाणी तपासण्याची साधनं घेऊ. कमान पुढच्या तुकडीने बांधावी. विज्ञानाच्या शिक्षकांशी मी सकाळी बोललो, ते तयार आहेत. आठवी-नववीची मुलं दर महिन्याला आपापल्या गावच्या विहिरीचं, हातपंपाचं पाणी आणतील, मोजतील आणि एका वहीत लिहितील. तारीख, गाव, विहीर, आकडा. बस. दुसरीकडे, तुमच्यापैकी जे गावात आहेत त्यांनी ग्रामपंचायतीचा पाणी तपासणीचा अहवाल मागून त्याची प्रत ठेवायची. ज्यांच्या घरी आजार आहे त्यांनी दवाखान्याचा एकही कागद चुलीत घालायचा नाही. टँकर कधी आला, कधी नाही आला, तेही लिहायचं.

दर तीन महिन्यांनी मी येईन. फी घेणार नाही, फक्त भाकर आणि ठेचा. वहीतले आकडे, अहवाल आणि कागद शेजारी शेजारी ठेवून आपण बसू. आधी पंचायत समितीकडे जाऊ, मग जिल्हाधिकाऱ्यांकडे. गरज पडली तर नागपूर खंडपीठ आहेच. तिथपर्यंत जावं लागू नये अशी माझी इच्छा आहे, कारण न्यायालयाची तारीख पडेपर्यंत माणसं थांबत नाहीत. पण जावं लागलं तर रिकाम्या हाताने जायचं नाही.

ज्या माणसाने तीस वर्षांपूर्वी गरिबांच्या अर्जांवर ‘पावती कुठे आहे’ असं लिहिलं, तोच तुम्हाला आज हात जोडून सांगतो आहे, पावत्या ठेवा. तो प्रश्न पुन्हा विचारला जाईल. विचारणारा माझ्यासारखाच कोणीतरी हुशार पोट्टा असेल. या वेळी आपल्याकडे उत्तर असलं पाहिजे.

सरांनी घड्याळ दाखवलं आहे. थांबतो. वहीचं पहिलं पान मी आज सकाळी भरलं आहे. आमच्या घरच्या विहिरीचं पाणी, बाटलीत भरून आणलं होतं, शाळेच्याच प्रयोगशाळेत मोजलं. आकडा २,३४०. ज्यांना आपल्या विहिरीचं पाणी आणायचं असेल, त्यांच्यासाठी रिकाम्या बाटल्या मंडपाच्या दाराशी ठेवल्या आहेत. जेवण झाल्यावर एकेक घेऊन जा.